झाकली मूठ सव्वा लाखाची

मराठी माणसाच्या कमरेला काय असावं, हा प्रश्न प्रत्येक पिढीनं आपापल्या परीनं सोडवलेला आहे. जन्मल्यावर पहिल्यांदा येतो तो करदोटा. आमच्या आजोबांच्या कमरेला चंची होती. तिच्यात पान, चुना, कात, तंबाखू आणि अडकित्ता असा सगळा दारूगोळा असायचा. कुणाशी भांडण निघालं की आजोबा आधी चंची सोडत. पान जमेपर्यंत भांडण निम्मं मिटलेलं असे. आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्याच्या नुसत्या आवाजानं तीन सुना कामाला लागत आणि फडताळातले लाडू जागच्या जागी राहत. वडिलांनी कमरेला चामडी पट्टा बांधला. तो विजार सावरण्यापेक्षा आमच्या शिक्षणासाठीच जास्त कामी आला. पुढे पेजर आला, पेजर गेला. मग मोबाईल फोनचं पाकीट आलं, तेही गेलं. मध्यंतरी काही वर्षं मराठी माणसाची कंबर अगदी मोकळी होती. ही मोकळीक त्याला मानवली नसावी.

कारण आता आमच्या मुळशी तालुक्यात कमरेला पिस्तूल आलं आहे.

आलं आहे म्हणजे सगळ्यांच्याच आलं आहे असं नव्हे. पौडच्या बाजारात भाजीवाली मावशी तराजूशेजारी रिव्हॉल्व्हर ठेवून मेथीची जुडी विकते आहे, असं दृश्य अजून दिसत नाही. पण ज्यांच्या कमरेला ते लागलेलं नाही, अशा पुष्कळांच्या मनाला ते लागलेलं आहे. जमिनीचे दोन व्यवहार झाले, दारात पांढरी मोटार आली, गळ्यात बोटभर जाडीची साखळी आली, आठ बोटांत आठ अंगठ्या आल्या, की उरलेल्या जागेचा विचार सुरू होतो. आपल्याला कंबरही आहे, हे माणसाच्या तेव्हा ध्यानात येतं.

आमचे मेहुणे नेमके याच अवस्थेला पोचलेले आहेत. ते राहतात कोथरूडला, फरशा विकतात, आणि घोटावड्याच्या पुढं त्यांचं अकरा गुंठ्यांचं फार्महाऊस आहे. फार्महाऊस म्हणजे एक पत्र्याची खोली, एक झोपाळा, आंबा न धरणारी आंब्याची पाच झाडं आणि ‘खाजगी मालमत्ता, आत येऊ नये’ अशी पाटी. आत यावं असं तिथं काही नाही, ही गोष्ट वेगळी. तर हे मेहुणे एका रविवारी पिरंगुटला आमच्याकडे आले, ताईच्या हातची तीन थालीपिठं संपवली आणि मला म्हणाले,

“भावोजी, अंगावर लपवता येईल असं एखादं लहानसं पिस्तूल घ्यावं म्हणतो. कुठलं बरं पडेल?”

चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मी हाताळलेलं सर्वांत घातक हत्यार म्हणजे फायली शिवायचा दाभण. पण मेहुण्यांचा रोख मला कळला. त्यांना सल्ला नको होता, परवान्याचा अर्ज भरून हवा होता; आणि अर्ज या विषयात माझा नेम अजून चुकत नाही. आता अर्ज भरायचा तर विषय समजला पाहिजे. म्हणून मी आठवडाभर शस्त्रांचा कायदा, नियम आणि पिस्तुलांची माहितीपत्रकं वाचून काढली. आमच्या हिनं ती उशाशी पाहिली आणि दोन दिवस माझ्याशी फारच गोड बोलली.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की पिस्तूल निवडायला आपल्याकडे फारसा वाव नाही. सिनेमातला नायक बोटावर गरगर फिरवतो ते नऊ मिलिमीटरचं पिस्तूल निषिद्ध बोअरचं. ते सैन्याचं आणि पोलिसांचं. नागरिकाच्या वाट्याला मुख्यतः पॉइंट बत्तीस. परदेशी बनावटीचं नवं पिस्तूल सामान्य माणसानं मागवायची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे साहेबाच्या काळातली जुनी वेब्ली रिव्हॉल्व्हरं अजून पैठणीसारखी या घरातून त्या घरात जातात, आणि दर खेपेला किंमत मात्र वाढते. बाकी मुख्यतः सरकारी कारखान्यांचा माल. २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानं खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. दिल्लीच्या २०१२ च्या त्या भीषण प्रसंगानंतर लोकांनी त्या मुलीला जे नाव दिलं, त्याच्याशी नातं सांगणारं हे नाव. वजन अर्धा किलो, गोळ्या सहा, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, आणि द्यायचे मरून रंगाच्या दागिन्याच्या पेटीत! मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ज्या बाईला रात्रीच्या शेवटच्या बसनं एकटीनं घरी जायची भीती वाटते, तिच्याजवळ सव्वा लाख रुपये असते तर ती बसनं कशाला गेली असती? तिला बसथांब्यावर एक दिवा हवा होता. सरकारनं दागिना दिला. २०२३ साली ‘प्रबल’ नावाचं आणखी एक रिव्हॉल्व्हर आलं. ते सातशे ग्रॅमचं. म्हणजे नऊ वर्षांत आपण निर्भीकतेकडून प्रबलतेकडे दोनशे ग्रॅमनं सरकलो.

दुसरी गोष्ट कळली ती लहान पिस्तुलाबद्दल. लहान पिस्तूल हे लहान मुलासारखं असतं: दिसायला गोजिरवाणं, सांभाळायला महाकठीण. मूठ आखूड असल्यामुळे करंगळी चहाच्या कपावर राहावी तशी बाहेर राहते. नळी तोकडी, म्हणून नेम धरणं अवघड. वजन कमी, म्हणून उडाल्यावर हाताला हिसका जास्त. मोठं पिस्तूल हातात नीट बसतं. पण ते झब्ब्याखाली खोचलं की समोरच्याला हर्नियाची शंका येते. शिवाय मेहुण्यांच्या कमरेचा घेर बेचाळीस. तिथं खोचलेली वस्तू उभ्यानं दिसत नाही, बसल्यावर टोचते आणि वाकल्यावर सापडत नाही. त्यातून मुळशीचा पाऊस. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो. इथं छत्रीची काडी तीन महिन्यांत गंजते. पिस्तुलाला काय खास छप्पर आहे?

हे सगळं मी मेहुण्यांना समजावून सांगितलं आणि म्हणालो, “तेव्हा लहानच घ्या. नेम चुकेल, पण कुणाला दिसणार तरी नाही.”

“अजिबातच दिसणार नाही?”

“लपवायचंय ना तुम्हाला?”

“लपवायचं आहेच हो भावोजी. पण आहे, हे लोकांना कळायला नको का?”

या एका वाक्यात सगळं प्रकरण आलं. आणि म्हणूनच हा लेख मी लिहायला घेतला.

कायदा या बाबतीत मेहुण्यांच्या साफ विरुद्ध आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे चार लोकांत पिस्तूल न्यायचं तर ते अंगाला लावलेल्या खोळीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. काढून परजायला सक्त मनाई. वरातीत बेजबाबदारपणे हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. थोडक्यात सरकार म्हणतं, झाका. आणि माणूस विकत घेतो ते दाखवायला. मग या दोहोंतून तो वाट काढतो. हॉटेलात बसताना सदरा एवढासा वर सरकतो. चप्पल नीट करायला तो उगाचच वाकतो, तेही पाठ आपल्याकडे करून. देवळात जाताना ड्रायव्हरला हाक मारून ‘हे जरा धर रे’ म्हणतो. आणि ‘हे’ काय आहे ते देव सोडून सगळ्यांना दिसतं. जेवायला बसला की ‘अडचण होते बुवा’ म्हणत ताटाशेजारी काढून ठेवतो, लोणच्याच्या बाजूला. लपवलेलं पिस्तूल हे जगातलं एकमेव गुपित असं आहे की जे ज्याचं त्यालाच पाळवत नाही.

आता माझं म्हणणं स्पष्टच सांगतो. जे पिस्तूल खरोखर लपवलं आहे, ते एक वेळ संरक्षणाचं असेल. जे कळावं म्हणून घेतलं आहे, ते धमकीचं. आणि कळणार नसेल तर आमच्या भागातले दहापैकी नऊ लोक ते घेणारच नाहीत, अशी माझी पैज आहे. हरलो तर थालीपिठं माझ्याकडून.

मी मेहुण्यांना विचारलं, “संरक्षण कुणापासून करायचं?”

“चोरांपासून.”

“तुमच्या खोलीत आहे काय चोरायला?”

“पाण्याची मोटार आहे. केबल आहे.”

“केबल रात्री दोनला जाते. तुम्ही तेव्हा कोथरूडला घोरत असता.”

“बिबट्या आला तर?”

“बिबट्याला पॉइंट बत्तीस दाखवलीत तर त्याचा फक्त गैरसमज होईल. शिवाय वन्यप्राण्यांचा कायदा तुम्हालाच आत घालील. आणखी?”

मेहुणे थोडा वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, “लोक असतात हो.”

“कुठले लोक?”

“गावातले.”

गावातले म्हणजे शेजारच्या खाचराचा मालक. वय सत्तर, अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, दोन म्हशी. मेहुण्यांच्या मते त्यानं बांध हातभर सरकवला. त्याच्या मते मेहुण्यांच्या कुंपणानं त्याची पाणंद अडवली. या माणसापासून आमच्या मेहुण्यांना स्वसंरक्षण हवं होतं. अर्जात मात्र ‘जीवितास धोका’ असं लिहा म्हणाले.

इथं माझं हसणं थांबतं. कारण हे असं कुठवर जातं, ते आमच्या तालुक्यानं पाहिलेलं आहे. २०२४ च्या जुलैत धडवली गावची एक चित्रफीत देशभर फिरली. प्रसंग आदल्या वर्षीचा. जमिनीचा वाद, समोर शेतकरी, आणि हातात पिस्तूल घेऊन बोलणाऱ्या एक बाई. तेव्हा गाजत असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या मातोश्री. पौड ठाण्यात गुन्हा दाखल झाला, महाडच्या बाजूला अटक झाली. पिस्तुलाला परवाना आहे, ते स्वसंरक्षणासाठीच होतं, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं. दोषी कोण, निर्दोष कोण, हे न्यायालयानं सांगायचं. ते काम माझं नव्हे. पण ज्यानं ती चित्रफीत पाहिली, त्यानं स्वतःला एकच प्रश्न विचारावा: त्या बांधावर उभ्या असलेल्या माणसांपैकी संरक्षणाची गरज कुणाला होती? ज्याच्या हातात पिस्तूल होतं त्याला, की ज्याच्या समोर होतं त्याला? स्वसंरक्षण हा शब्द किती ताणावा यालाही बोअर ठरवून दिला पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. ऐकायला मी कचेरीत शिकलो आहे.

पहिला मुद्दा इतिहासाचा. ‘अहो, आपण मावळे! शस्त्र आपल्या रक्तात आहे. इंग्रजांनी ते काढून घेतलं.’ यातलं शेवटचं वाक्य खरं आहे. १८७८ साली व्हाइसरॉय लिटननं दोन कायदे केले: एकानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधलं, दुसऱ्यानं हिंदी माणसाचे हात. तोंडाचा कायदा थोड्याच वर्षांत गेला. हातांचा मात्र टिकला, आणि स्वतंत्र भारतानं त्याच्या जागी आपला कायदा केला तो १९५९ साली. त्या काळी काँग्रेसनं लिटनच्या शस्त्रकायद्याविरुद्ध ठराव केले ते योग्यच होते. पण चीड कशाची होती, ते नीट बघा. गोऱ्याला परवाना लागत नव्हता आणि काळ्याला लागत होता. एकाच्या कमरेला पिस्तूल आणि दुसऱ्याच्या हातात नांगर, हा अपमान होता. आज पांढऱ्या मोटारीतून उतरणारा आणि सदरा वर करणारा माणूस स्वतःला मावळा समजतो. आमचं पौड खोरं बारा मावळांतलं. मावळा कसा असतो ते आम्हांला ठाऊक आहे. तो शेजारच्या खाचरात म्हशी धूत असतो. त्याच्यासमोर पिस्तूल घेऊन उभा असतो तो लिटनसाहेबाचा वारस.

दुसरा मुद्दा जमिनीचा. ‘जमिनीला सोन्याचा भाव आलाय, हत्यार नसेल तर जमीन राहत नाही.’ हा मुद्दा मुळशीत येऊन मांडणं म्हणजे आळंदीत जाऊन भिंत कशी चालवावी ते सांगणं. १९२१ च्या रामनवमीला इथं सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या धरणाखाली मावळ्यांची भातखाचरं जाणार होती. पुढारी होते सेनापती बापट. पिस्तुलाचं कौतुक असणाऱ्यांनी पुढचं नीट ऐकावं. बापट विलायतेला शिकायला गेले आणि बॉम्ब बनवायची विद्या घेऊन परत आले, असा हा माणूस. त्यानं मावळ्यांना सांगितलं काय? धरणाच्या कामावर जाऊन बसा. माणसं बसली. बाया बसल्या. मार खाल्ला, तुरुंगात गेली. शेवटी शेवटी बापटांचाही धीर सुटला आणि त्यांना मोठा तुरुंगवास भोगावा लागला. धरण व्हायचं ते झालंच. पण ती जमीन गेली कशी? कुणी पिस्तूल रोखून घेतली नाही. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा, नोटिसा, पंचनामे, पुण्याच्या सावकारांकडची गहाणखतं, कागदानं गेली. पुढंही हिंजवडी घ्या, घाटाकडचे डोंगर घ्या. जमीन कुलमुखत्यारपत्रानं जाते, न वाचता केलेल्या अंगठ्यानं जाते, सातबारावर भलतंच नाव चढून जाते. २०१८ साली आमच्या तालुक्याच्या नावाचा सिनेमा आला, ‘मुळशी पॅटर्न’. तरुण पोरं त्यातल्या पिस्तुलांवर शिट्ट्या मारतात. पण त्या सिनेमात आधी जमीन जाते आणि मग पिस्तूल येतं, हा क्रम शिट्ट्यांच्या आवाजात ऐकू येत नाही. पिस्तुलानं जमीन राखल्याची गोष्ट त्यातही नाही.

तिसरा मुद्दा जिवाचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. वाड्यावस्त्या दूर, रात्री रस्त्याला दिवा नाही, ठाण्यापासून गाडी यायला वेळ लागतो. खरं आहे. मग त्या वेळी पिस्तूल किती कामाचं, तेही बघू. १९८३ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकानं एक साधा हिशेब मांडला. सुरा घेतलेला माणूस एकवीस फूट अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. आणि सरावलेल्या पोलिसालाही पिस्तूल काढून नेम धरायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. हा सरावलेला पोलीस झाला, पिस्तूल उघड्या पट्ट्याला लावलेला. आता आमचे मेहुणे घ्या. आधी जाकीट, मग झब्बा, मग गंजीफ्रॉक, मग बेचाळीसचा घेर, मग खोळ, मग खटका. पत्र्याची खोली बारा फुटांची. एकवीस फूट अंतर ठेवायला चोराला पाणंदीत उभं करावं लागेल, आणि तिथं आधीच कुंपण आहे.

बरं, रात्री ते कमरेला नसणार. नियमाप्रमाणे सुरक्षित कुलपात ठेवायला हवं, आणि घरात नातवंडं असली की ठेवलंच पाहिजे. म्हणजे पिस्तूल लोखंडी कपाटात, गोळ्या वेगळ्या डब्यात, आणि किल्ली वहिनींच्या उशाखाली. ‘दोन मिनिटं बसा हं’, असं चोराला सांगून मेहुणे वहिनींना उठवणार. वहिनी आधी विचारणार, ‘कशाला हवी किल्ली?’ आणि या प्रश्नाचं उत्तर गेल्या पंचवीस वर्षांत मेहुण्यांना एकदाही समाधानकारक देता आलेलं नाही. शिवाय निवडणुका आल्या की ज्यांना ज्यांना छाननी समिती सांगेल, त्यांनी हत्यार ठाण्यात जमा करायचं. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. भानगडी ज्या दिवसांत जास्त, नेमकं त्या दिवसांत तुमचं शौर्य पोलिसांच्या कपाटात, चिठ्ठी लावून.

आणि कुलपात न ठेवलेल्या पिस्तुलाचं काय होतं, ते मी विनोदानं सांगू शकत नाही. घरातलं हत्यार चोराची वाट बघत बसत नाही. ते घरातल्याच भांडणाला, घरातल्याच दारूला, घरातल्याच निराश पोराला आणि घरातल्याच पाच वर्षांच्या कुतूहलाला जास्त जवळ असतं. बाहेरच्या माणसासाठी आणलेली वस्तू घरातल्याच माणसाच्या हाताला लागते. अडकित्त्यानं फार तर बोट कापायचं.

म्हणजे कुणालाच परवाना देऊ नये का? असं मी म्हणत नाही. साक्ष द्यायला निघालेल्या माणसाला खरी धमकी आली असेल, तर त्याला जरूर द्यावा. आणि खरी गरज बघायची असेल तर भात पोटरीला आल्यावर आमच्या कुठल्याही वाडीवर रात्री जावं. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाचा आंबेमोहोर लोळवून जातो. पीक राखायच्या बंदुकीसाठी कायद्यात वेगळा परवाना आहे. पण तिथं मचाणावर बसलेला म्हातारा पत्र्याचा डबा वाजवत रात्र काढतो. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्या जीविताला आणि पिकाला धोका आहे का? धोका असलेल्याच्या हातात डबा, आणि डब्याच्या आवाजानं झोपमोड होणाऱ्याच्या कमरेला पिस्तूल, अशी ही वाटणी आहे.

आणि वस्तीवर पोलीस उशिरा येत असतील तर चौकी मागा, दिवे मागा, रस्ता मागा. घोटावड्यापुढच्या सगळ्या अकरा गुंठेवाल्यांनी सव्वा सव्वा लाख काढले तर गावच्या रस्त्याला दिव्यांची रांग लागेल आणि वर दोन राखणदार पोसता येतील. पण दिवा सगळ्यांवर सारखाच पडतो, हीच त्यातली अडचण. त्यानं कुणाचा वट वाढत नाही.

परवान्याचा अर्ज मी भरायला घेतला. नमुना अ-१. नाव, पत्ता, वय, सगळं सुवाच्य अक्षरात. परवाना कशासाठी हवा, त्या रकान्याशी आल्यावर मी मेहुण्यांना म्हणालो, “इथं खरं कारण लिहू या. ‘माझ्याकडे पिस्तूल आहे हे म्हशीवाल्या आजोबांना कळावं म्हणून.’” मेहुण्यांनी अर्ज माझ्या हातून काढून घेतला. मी त्यांना दुसरा दिला. भूमी अभिलेखाच्या कार्यालयात द्यायचा, जमिनीच्या मोजणीचा. फी भरायची, तारीख घ्यायची, मोजणीदार येतो आणि खुणा घालून देतो. बांध कुणी सरकवला ते कागदावर दिसतं.

“आणि मोजणीत माझंच कुंपण पुढं निघालं तर?” मेहुण्यांनी विचारलं.

हा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि माझ्या मते पिस्तूल घ्यायच्या बहुतेक अर्जांच्या तळाशी तोच असतो. मोजणी दोघांना लागू पडते, पिस्तूल एकालाच. म्हणून मोजणीच्या कचेरीत माणूस पाय ओढत जातो आणि परवान्याच्या कचेरीत धावत.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं आपल्याकडे म्हणतात. म्हण करणारा शहाणा होता. तो मूठ म्हणाला. मूठ झाकलेली असते तोवर तिच्यात काय आहे ते कुणाला कळत नाही. पुष्कळदा काही नसतंच, आणि तरी माणसाची अब्रू राहते. पिस्तुलाचं उलटं आहे. ते झाकलेलं असतं तोवर त्याचा धन्याला उपयोग वाटत नाही, आणि एकदा बाहेर काढलं की चारचौघांना एकच गोष्ट लख्ख कळते: या माणसाजवळ बोलण्यासारखं आता काही उरलेलं नाही.